प्रस्थानात माझा खण नव्हता

एका बैलगाडीत एक संसार बसतो. मी बसवून पाहिला आहे. जड ते तळाला आणि पुढे, बैलांच्या बाजूला, म्हणजे चढावर गाडी उलार होऊन मागे कलंडत नाही. पाटा उभा ठेवावा, आडवा ठेवला तर धक्क्याने दुभंगतो. भांडी एकात एक आणि मध्ये जुन्या लुगड्याच्या पट्ट्या. लोणच्याची बरणी कडब्यात. धान्याची पोती अर्धीच भरावीत, म्हणजे ती दबतात आणि वाटेत पाठ टेकायला होतात. नवे भांडे असेल तर आधी चार दिवस चुलीवर ठेवून काळे करून घ्यावे. मोगलाईतून इंग्रजी मुलखात जाताना करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके लागते. तिथला शिपाई चकचकीत भांड्याला माल म्हणतो आणि काळ्या भांड्याला संसार म्हणतो.

गाडीत काय घ्यायचे हे मला कोणी विचारले तर मी आजही न अडखळता सांगेन. माझी चूक झाली ती गाडीत नव्हे, एका लहानशा गाठोड्यात.

आमचे घर धारूरचे, लिंगायत वाण्याचे. पुढे दुकान, मागे घर, वर माळवद. माझे वडील नांदूरघाटला किराणा दुकान करत. त्यांना मुलगा नव्हता म्हणून त्यांनी मला मोडी अक्षरे गिरवायला लावली आणि दुकानात काय आहे, काय संपले हे लिहायला बसवले. ती सवय घेऊन मी सासरी आले. सासूबाई गेल्यावर घराच्या थोरलेपणाचा मान माझ्या जावेकडे आला आणि काम माझ्याकडे आले. बळदात ज्वारी किती उरली, करडईचे तेल कधी काढून आणायचे, सांडगे कोणत्या मडक्यात, आमटीला लावायचे येसराचे पीठ कुठे, पाहुणा आला तर कोणती वाकळ काढायची, हे सगळे मला ठाऊक. किल्ल्या मात्र जावेच्या कमरेला. दर खेपेला मी विचारायचे, "अक्का, किल्ली द्या," आणि त्या गाठ सोडता सोडता म्हणायच्या, "आत्ताच तर दिलती."

अक्का वाईट नव्हत्या. अंगाने जड, दम लागायचा, बोलायला चटकदार. पण मी त्या घरात वीस वर्षांच्या वर काढली आणि एकही दिवस आमटीत मीठ किती घालायचे हे स्वतः ठरवले नाही. मुलगी सासरी गेली तेव्हा तर वाटले, आता या चुलीशी माझे नाते काय? दुसऱ्याच्या चुलीला मी जाळ घालते आहे, एवढेच.

अशात थोरल्या दिरांनी ठरवले की बार्शीला आडतीचे दुकान घालायचे. तिथे आगगाडी आली होती, आमच्याकडचा माल तिकडेच जाई. दुकान बघायला माझ्या मालकांनी जायचे. आणि जेवायचे हाल नकोत म्हणून मीही जायचे. एक खोली, पुढे पडवी, कोपऱ्यात चूल. मालकांनी हे सांगितले तेव्हा मी फक्त एवढे विचारले, "चूल मातीची घातलीया का नुसते दगड हायेत?"

"दगड हायेत बहुतेक."

"बरं. मी घालीन."

त्या रात्री मला झोप आली नाही असे नाही, उलट फार दिवसांनी गाढ झोप लागली.

सामान काढायला बसले तेव्हा कळले की माझे म्हणावे असे त्या घरात फार थोडे आहे. सामान आवरताना तीन ढीग होतात. एक न्यायचा, एक ठेवायचा, आणि एक भांडायचा. तिसरा सगळ्यांत मोठा असतो, आणि तो जितका लवकर सोडाल तितकी गाडी हलकी. अक्का उंबऱ्यावर बसून बघत होत्या.

"ही परात घरची हाय गं."

"माझ्या बापानं दिलेली हाय, अक्का. काठावर खूण बघा."

"खूण काय, कुनीबी करतंय."

"मग ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊ द्या कावून? घेऊन जा की. मी काय न्हाई म्हनले का?"

मी परात ठेवायच्या ढिगात टाकली. त्यांनी ती उचलून परत माझ्या ढिगात टाकली, आणि काठवट उचलून आपल्याकडे ओढली. काठवटीवर मी रोज भाकरी थापत होते, तिच्या लाकडाला माझ्या तळहाताचा खळगा पडला होता. ती मी सोडली. अशा बऱ्याच वस्तू सोडल्या. प्रत्येक वस्तू सोडताना मनात हिशोब होता की ही एक सुटली म्हणजे मी एक पाऊल पुढे गेले. शेवटी एक पेटी, एक पोते भांडी आणि एक वळकटी एवढे उरले. वीस वर्षांच्या संसाराला ते फारच कमी होते. पण मला ते बघून हलके वाटले, हे खरे सांगते.

मग कोठीची ओळख करून द्यायची होती. अक्कांना अक्षर येत नव्हते, म्हणून मी प्रत्येक मडक्यावर आतल्या वस्तूचे चार दाणे डिंकाने चिकटवले. तुरीच्या मडक्याला तूर, जवसाच्या मडक्याला जवस. मोठ्या हौसेने केले. चार दिवसांत मुंग्यांनी सगळे वाचून संपवले. मग मी तोंडी सांगायला लागले.

"अक्का, हे हुलगे. हे मटकी. येसर त्या काळ्या मडक्यात, ओल्या हातानं घालू नका."

"हां."

"सांगा बरं, येसर कुठंय?"

"मला काय पंतोजीवानी इचारतीस?" आणि त्या दम लागला म्हणून भिंतीला टेकायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई बाई." मला वाटायचे, वय झाले. नंतर लक्षात आले की शेजारणीने कोणत्या लग्नात कोणते लुगडे नेसले होते हे त्यांच्या ध्यानात पक्के राहते, फक्त कोठी राहत नाही. त्या शिकणारच नव्हत्या.

जोशीबुवांनी सोमवार सकाळचा मुहूर्त काढला. पण गाडी मिळेना. सरकीचा आणि करडईचा हंगाम होता, गावातली प्रत्येक गाडी कुठे ना कुठे गुंतलेली. आमची स्वतःची मोठी गाडी अंबाजोगाईला माल घेऊन गेली होती, ती शुक्रवारी यायची. तेव्हा आमच्याकडे करतात तसे सोमवारी प्रस्थान ठेवायचे ठरले.

प्रस्थान म्हणजे काय ते आता नव्या पिढीला सांगावे लागते. मुहूर्तावर निघता येत नसेल तर माणसाने आपली एखादी अंगावरची वस्तू गाठोड्यात बांधून, ज्या दिशेला जायचे त्या दिशेच्या दुसऱ्या घरी नेऊन ठेवायची. गाठोडे बाहेर पडले म्हणजे माणूस निघाला. मग पाच दिवसांच्या आत कुठल्याही वारी निघाले तरी चालते, दिवसाचा दोष लागत नाही. एकच अट असते, ठेवलेले प्रस्थान घरी परत आणायचे नाही. आणले तर तो प्रवास मोडला.

गाठोडे मीच बांधले. तांदूळ, हळकुंड, सुपारी, एक पैसा आणि मालकांचे उपरणे. माझाही एखादा खण घालावा असे मनात आले होते. पण चांगले खण पेटीच्या तळाशी होते आणि पेटी मी सुतळीने आवळून वर गाठ मारून ठेवली होती. बांधलेले सोडायचा मला लहानपणापासून कंटाळा. नवरा निघाला म्हणजे बायको आलीच, असे म्हणून मी गाठ मारली. मालकांनी ते नेऊन केजच्या, म्हणजे बार्शीकडच्याच, वाटेवरच्या मठात, जंगमस्वामींच्या कोनाड्यात ठेवले.

शुक्रवारी गाडी आली. सकाळी माणसांनी सामान भरले, मी उभी राहून सांगत होते. पेटी आणि दुकानाच्या वजनांची पाटी तळाला, त्यावर भांड्यांचे पोते, त्यावर मालकांच्या वह्या आणि वळकटी. दोर आवळला. मालकांनी वडीलधाऱ्यांना नमस्कार केला. मीही पदर सावरून वाकले, तेव्हा अक्का मालकांना म्हणाल्या,

"भावजी, परस्थानात तिचं काय ठेवलंय?"

मालक माझ्याकडे बघायला लागले. "माझं उपरनं हाय," ते म्हणाले.

"ते तुमचं झालं. तिचं?"

मालक गाडीच्या दोराची गाठ चाचपायला लागले.

"मग तुमी निघालात. ती कुठं निघाली? आज शुक्रवार हाय, पश्चिमेला दिशाशूळ, तिकडं निघू न्हाई. लेकीसुनंला आसं धाडत न्हाईत."

थोरले दीर ओट्यावर होते. त्यांच्याशी मी कधी थेट बोलत नसे, ती रीतच नव्हती. त्यांनी मान वर न करता म्हटले, "ठीक हाय. ती मागनं यील."

मालक म्हणाले, "मग हिचं सामान काढून घ्यावं का?"

"भरलेली गाडी दारात रिकामी करत न्हाईत," अक्का म्हणाल्या. "जाऊ द्या तसंच. सामानाला का दिशाशूळ आसतो?"

मालक मुळात मवाळ. थोरल्या भावासमोर आपल्या बायकोबद्दल बोलणे त्या काळी बेशरमपणाचे होते, आणि त्यांना तर दुकानातल्या गिऱ्हाइकाशीही वर आवाजात बोलता येत नसे. ते गाडीत चढले. माझी भांडी, माझी पेटी, माझी वळकटी माझ्या डोळ्यांदेखत वेशीकडे गेली. मी नेसत्या लुगड्यानिशी दारात उभी. पेटीत ठेवली नव्हती अशी आणखी दोन लुगडी दोरीवर वाळत होती, तेवढीच.

दुपारच्या भाकरी मीच थापल्या, माझ्याच हाताचा खळगा पडलेल्या त्या काठवटीवर.

पुढे काय झाले ते एका वाक्यात सांगता येते. काहीच झाले नाही. दिशाशूळ संपला तेव्हा अमावस्या आली. अमावस्या गेली तर थोरल्या दिरांच्या मेव्हण्याकडे लग्न निघाले. मग उन्हाळा लागला, कुरड्या घालायच्या होत्या. मग लोणची. मग जोशीबुवा म्हणाले, शुक्राचा अस्त आहे. खरे तर तो अस्त नव्या नवरीने पाळायचा असतो, मला जावई येऊन गेला होता. पण अक्का म्हणाल्या, "पाळलेलं बरं." प्रत्येक कारण खरे होते. खोटे कारण असते तर मी भांडले असते.

गावाने मात्र मला निघालेली धरले होते. निरोपाच्या ओट्या भरून झाल्या होत्या. हळदीकुंकवाचे बोलावणे यायचे ते एकट्या अक्कांना. आडावर बाया विचारायच्या, "कावून वं, आजून हितंच?" मी म्हणायची, "जायचंय की." पुढेपुढे त्यांनी विचारणे सोडले. मालक सणाला येत, पाहुण्यासारखे राहत. बार्शीत ते एका लांबच्या नातलगाकडे जेवत होते. खोलीत माझी पेटी तशीच सुतळी बांधलेली पडली आहे, असे त्यांनी सांगितले. "उघडली न्हाई. तुझी गाठ मला कुठं सुटतीया?" हे ते हसत म्हणाले. मला हसू आले नाही. माझा संसार बार्शीला जाऊन बसला होता आणि मी त्याच्या बाहेर धारूरला.

एकदा वाटले, आपण कामाला येतो म्हणून अडकलो आहोत, तर कामाला येणे बंद करावे. ठरवून आमटी खारट करायची, भाकरी करपवायची. मीठ मुठीत घेतले. हात भांड्यावर गेला आणि मुठीतून पडायचे तेवढेच मीठ पडले. भाकरी करपायला लागली की हात आपोआप तिला उलटवायचा. चांगले काम करायची सवय हा एक तुरुंग असतो. त्याला पहारेकरी लागत नाही.

पाऊसकाळ सरून दिवाळी होऊन गेली. पुन्हा करडई उभी राहिली. एके सकाळी वाळत घातलेली दोन लुगडी काढताना वाटले, माझ्यापाशी आता बांधायलाही काही उरले नाही. एक लुगडे अंगावर, एक हातात, एक दोरीवर. त्याच पावली मी आत गेले, हातातल्या लुगड्याची घडी केली, त्यात मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी घातली, आणि भर सकाळी, रस्त्यात माणसे असताना, मठात गेले.

जंगमस्वामी नुकतीच पूजा आटोपून विभूती लावत होते.

"स्वामी, माझं परस्थान ठेवा."

"मालक आलेत का तुमचे?"

"न्हाई. माझं एकटीचं."

ते थांबले. "बाई, एकट्या बाईचं परस्थान मी आजवर कंदी ठेवलं न्हाई."

"ठेवू न्हाई आसं कुठं सांगितलंय का?"

त्यांनी विचार केला. "तसं कुठं न्हाई."

"मग ठेवा."

"मुहूर्त कुनी काढला?"

"कुनीच न्हाई."

ते हसले. "आपल्या गळ्यात लिंग हाय. तसं बघितलं तर आपल्याला कुठला दिवस वाईट?" आणि त्यांनी गाठोडे कोनाड्यात ठेवले. मठाच्या ओसरीवर बसलेली माणसे हे सगळे ऐकत होती. मला तेच हवे होते.

दुपारपर्यंत गावाला कळले. आडावर पुन्हा विचारपूस सुरू झाली. "मग कंदी निघनार?" "पाच दिवसांत." संध्याकाळी अक्का थोरल्या दिरांचा निरोप घेऊन स्वयंपाकघरात आल्या.

"ते इचारतेत, कुनाला इचारून ठेवलंस?"

"त्यांना सांगा, परत आणता येत आसंल तर आत्ता जाऊन आणते."

परत आणता येत नाही हे त्यांनाही माहीत होते. घरच्या सुनेचे प्रस्थान परत आणले असे गावात झाले असते तर दुकानाच्या नावाला बट्टा लागला असता. त्या आल्या तशा परत गेल्या. पण गाडीचे कोणी नाव काढले नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. घरातली दमणी, बायकामाणसांना न्यायची लहान गाडी, गोठ्यापुढे उभी, बैल कडबा खात, गाडीवान मोकळा. कोणी त्याला जुंप म्हणेना. पाच दिवस सरू द्यायचे, म्हणजे आपोआप मोडेल, असा विचार दिसत होता.

चौथ्या दिवशी मी ज्वारी निवडत होते. अक्का येऊन समोर बसल्या आणि माझ्याबरोबर निवडायला लागल्या. हे त्यांनी कधी केले नव्हते.

"तू गेलीस की लोक मला हसतील," त्या खाली बघत म्हणाल्या. "इतकी वर्सं मी थोरली म्हून बसले. आन् मला येसरात धने किती ते ठावं न्हाई."

"दोन ओंजळी," मी म्हटले.

"ज्वारी?"

"चार. भाजून घ्यायची, लाल होस्तवर."

"उद्या इसरंल बघ मी."

"इसरलात तर अंदाजानं घाला. मलाबी कुनी शिकवलं नव्हतं."

त्यांनी एक खडा उचलून लांब फेकला. मला त्यांची दया आली, आणि त्याच वेळी भीती वाटली की ही दयाच मला इथे ठेवून घेईल. मी सूप उचलून आत गेले.

पाचव्या दिवशी सकाळी स्वयंपाक केला, सगळ्यांची ताटे झाली, भांडी घासून पालथी घातली. मग अक्कांच्या पाया पडले. थोरले दीर ओट्यावर होते, त्यांना लांबूनच नमस्कार केला. ते वही बघत होते. मी बाहेर पडले, मठातून गाठोडे घेतले आणि केजच्या वाटेला लागले. चालत. आमच्या घरातली बाई गावातून कधी उघड्यावर चालत बाहेरगावी गेली नव्हती. दारादारांत बाया उभ्या होत्या. कोणी हसले नाही.

केज पायी किती लांब, याचा विचार मी केला होता. जाता येईल असे ठरवले होते. वाटेत एक ओळखीचे घर होते, तिथे रात्र काढायची. पुढचे पुढे. मी उताराला लागले.

मागून घुंगरांचा आवाज आला. आमचीच दमणी. गाडीवान ओरडत होता, "थांबा, धाकल्या मालकीनबाई! थांबा!"

मी थांबले. त्याने बैल आवरले.

"बसा. थोरल्या मालकांनी धाडलंय."

"कशाला? न्यायला का आनायला?"

तो गोंधळला. डोक्यावरचे मुंडासे सारखे केले. "ते काय बोलले न्हाईत. नुसतं म्हनले, दमणी जुप, तिला पायी चालू दिऊ नको. लोक बघतेत."

"आनखी काय म्हनले?"

"आनखी काय न्हाई."

"बैलांची तोंडं कुठं हायेत?"

त्याने बैलांकडे पाहिले, जणू त्यालाही आत्ताच कळायचे होते. "केजकडं."

"मग वळवायला कुनी सांगितलं न्हाई ना?"

"न्हाई बा."

"तर चल."

दमणीत बाया मागे तोंड करून बसतात, त्यामुळे मी मागे पाहिले नाही असे मला लिहिता येत नाही. वेस दिसत होती, किल्ल्याचा बुरूज दिसत होता, आणि बराच वेळ मी वेशीकडे बघत होते की कोणी धावत येते का. कोणी आले नाही. रस्ता वळला तेव्हा मी गाडीवानाला विचारले,

"घरी चुलीपाशी कोन हाय?"

"थोरल्या मालकीनबाई बसल्यात. मी निघालो तवा धूर लई झाला होता."

"ओली लाकडं घातली आसतील," मी म्हटले. "परत गेलास की सांग, वाळकी गोठ्याच्या मागल्या अंगाला हायेत, पाचोळ्याखाली."

"सांगतो," तो म्हणाला आणि त्याने बैलांना हाकारले.